आक्कांची किळस

आमच्या मिशनातल्या आक्कांना सगळ्या जगाची किळस यायची. भिंतीवर तंबाखूची पिचकारी दिसली की शी, ताटाच्या कडेला वाळलेलं शीत दिसलं की शी, कुणी धोतराच्या सोग्याला नाक पुसलं की दोनदा शी. बाजारातली पोरं त्यांना ‘शी-शीआक्का’ म्हणायची, आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. गाव तरी कुठलं, तर निपाणीच्या जवळचं, तंबाखूच्या वखारींनी वेढलेलं. तिथं न थुंकणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. अशा गावात आजाऱ्यांची सेवा करायला मिशननं नेमकी ही बाई पाठवावी, याचं मला भारी हसू यायचं. मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

आक्का मूळच्या बेळगावजवळच्या शहापूरच्या, विणकराच्या घरातल्या. नवरा लवकर वारला, सासरच्यांनी बाहेर काढलं, मिशनच्या बायकांनी बेळगावात आसरा दिला आणि त्या ख्रिस्ती झाल्या. पांढरं लुगडं, खांद्याला पिशवी, पिशवीत चिंध्या, मलम आणि स्वतःचा तांब्या. दुसऱ्याच्या भांड्याला त्या तोंड लावायच्या नाहीत. मी एकदा चिडवलं, “काय आक्का, ख्रिस्ती होऊन सोवळं सुटलं नाही वाटतं?” तर म्हणाल्या, “जातीपातीचं न्हाय हो मास्तर. दुसऱ्याच्या ओठाचं मला चालत न्हाय. सख्ख्या बहिणीचं बी न्हाय. पोटात ढवळतंय, काय करू?”

एका वखारीच्या मागं एक म्हातारा हमाल पडून होता. पायाची जखम चिघळून त्यात अळ्या झाल्या होत्या. आक्का त्याचा पाय मांडीवर घेऊन चिमट्यानं एकेक अळी काढत होत्या आणि प्रत्येक अळीला शी म्हणत होत्या. मधेच उठल्या, भिंतीआड जाऊन भडाभडा ओकल्या, आपल्या तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली आणि पुन्हा पाय मांडीवर घेतला. मी लांबूनच म्हणालो, “सोसत नाही तर कशाला करता?” त्यांनी मानही वर केली नाही. “किळस माझी हाय, मास्तर. त्याची न्हाय. माझी मी सांभाळते, त्याच्या गळ्यात कशाला घालू?” एक मात्र खरं, त्यांची शी नेहमी घाणीला असायची, पुवाला असायची, थुंकीला असायची. माणसाला त्या शी म्हणाल्याचं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

आता आमचे पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू. त्यांना कशाचीच किळस यायची नाही, कारण ते कशाच्या जवळच जायचे नाहीत. वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाला एका परक्यानं उचलल्याचा बायबलातला दाखला ते असा रंगवायचे की बायका पदरानं डोळे पुसायच्या. स्वतः साहेबही रुमालानं डोळे टिपायचे. त्या रुमालाला हिनाचं अत्तर लावलेलं असायचं. तो वास मला तेव्हा पवित्र वाटायचा. आज कुठं हिनाचा वास आला की मला मळमळतं, उठून बाहेर जावं लागतं.

दुरगव्वा आमच्यात आली ती तापानं फणफणलेली. पुरुषाच्या देहात जन्मून यल्लम्माला वाहिलेली, लुगडं नेसणारी, केसांच्या जटा वाढवलेली जोगव्वा आमच्या भागाला नवी नाही. तिच्या मेळ्यातल्या जोगत्यांनी तिला धर्मशाळेच्या पायरीवर टेकवलं आणि ते पुढं गेले. आक्कांनी तिला बैलगाडीत घालून आपल्या खोलीत आणली. तीन आठवडे तिचं हगणंमुतणं काढलं. तिचं मळकं लुगडं धुताना काठ चाचपून म्हणाल्या, “आमच्या शहापूरची वीण हाय ही. शी, काय दशा केलीया हिची!”

दुरगव्वा वाचत नाही असं दिसायला लागलं, तिनंही ‘तुमच्या देवाचं नाव घाला मला’ म्हटलं, तेव्हा पाळकसाहेबांनी घाईघाईनं तिचा बाप्तिस्मा उरकला. दारातूनच पाणी शिंपडलं. मरता मरता एक जीव तारला गेला असं त्यांनी मिशनच्या वरच्या साहेबांना कळवलंही. आणि बाई मेलीच नाही! इथं सगळं बिनसलं. मेली असती तर आमच्या मंडळीनं तिच्यासाठी काय सुंदर गाणी म्हटली असती!

ती हिंडूफिरू लागली, आमच्या ख्रिस्ती देवळाचं अंगण झाडू लागली, विहिरीचं पाणी भरू लागली. आमच्या देवळात बायका डाव्या हाताला, पुरुष उजव्या हाताला चटईवर बसायचे. ही कुठं बसणार? बायका म्हणाल्या, आमच्यात नको. पुरुष तर नुसते हसायचे. ते हसणं आठवलं तरी अंगावर काटा येतो, कारण त्यात माझाही आवाज होता. पूर्वी जोगवा मागताना बाजारात तिला टिंगलही सोसावी लागायची, पण तिथं चार बायका तिच्या पाया तरी पडत, सुपात जोंधळे तरी घालत. आमच्यात येऊन ती त्यालाही मुकली होती.

आक्कांना तिची किळस येत नव्हती असं समजू नका. मला त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या, “गालावरलं खुंट आन् हातातल्या बांगड्या एकदम बघितल्या की माझ्या पोटात कायतरी हुतंय. खोटं कशाला बोलू?” त्यानंतर आठवड्याभरानं मी त्यांच्या खोलीवर गेलो, तर तापात फुटलेल्या बांगड्यांच्या जागी आक्का दुरगव्वाच्या रुंद मनगटात नव्या हिरव्या बांगड्या चढवत होत्या. हाताला साबण लावलेला. पांढऱ्या लुगड्यातली विधवा आणि समोर ती. एक बांगडी चढता चढेना, तर आक्का करवादल्या, “हात ढिला सोड की गं! हाड हाय का मुसळ?” दुरगव्वा लाजून हसली. मी पाहिलं आणि आल्या पावली परत फिरलो.

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि रस वाटून घेण्याचा, रविवार जवळ आला तशी मंडळीच्या पंचांची बैठक भरली. आमच्याकडे एकच पेला होता, मनुका उकळून काढलेल्या रसाचा. तोच सगळ्यांच्या ओठांना लागायचा. आक्का वर्षानुवर्षं तो सगळ्यांच्या आधी घ्यायच्या, कुणाचे ओठ लागण्यापूर्वी. एवढी एक सवलत त्यांनी मागून घेतली होती. पंचांनी दुरगव्वाला बोलावून सांगितलं, जटा काप, बांगड्या फोड, धोतर नेस, मग ये. ती हात जोडून म्हणाली, “बांगड्या फोडून देवाम्होरं बसवू कुणाला, साहेब? मी तर हितं भायेरच ऱ्हाईन की.” बाप्तिस्मा झालेल्या माणसाला पेला नाकारायचा तर वरच्यांना कारण कळवावं लागणार. तेव्हा मी पुढं झालो. मी पंचांचा चिटणीस होतो ना! म्हणालो, नाकारू नका, तिला दाराशी बसवा आणि पेला सगळ्यांत शेवटी द्या. तिच्यानंतर कुणाला प्यायचंच नाही म्हटल्यावर अडचण कसली? सगळ्यांनी माना डोलावल्या. पाळकसाहेब म्हणाले, “मास्तर, ही खरी ख्रिस्ती युक्ती!” मी तो ठराव वळणदार अक्षरात लिहून काढला. थू त्या अक्षरावर.

रविवारी देऊळ भरलं. आक्कांनी आपलं पांढरं लुगडं दुरगव्वाला नेसवून दाराशी बसवलं आणि स्वतः तिच्याजवळच बसल्या. पेला पुरुषांतून फिरला, बायकांतून फिरला. आक्कांनी तो या खेपेला सगळ्यांच्या आधी घेतला नाही. कुणी विचारलं तर मान हलवून ‘नंतर’ म्हणाल्या. शेवटी पेला दुरगव्वाकडे गेला. तिनं दोन्ही हातांनी धरून जेमतेम ओठ टेकवले. आपण जास्त प्यालो असं कुणाला वाटू नये म्हणून असेल. पेला अर्धा भरलेला परत टेबलावर आला आणि पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला.

आमच्या मंडळीचा एक नेम होता. उरलेला रस ओतायचा नाही, तो शेवटी पाळकानं पिऊन पेला पालथा घालायचा. दर वेळी डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट, पण पाच पंच आणि एक शहाणा मास्तर, कुणाच्याही ती ध्यानात राहिली नव्हती. दुरगव्वाला शेवटी बसवण्याच्या नादात तिच्यानंतर कोण पिणार हेच आम्ही विसरलो होतो.

साहेबांनी पेला उचलला, खाली ठेवला, रुमालानं ओठ पुसले. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, “मास्तर, आज हा मान तुम्ही घ्या.” सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. मी काय म्हणालो असेन? “साहेब, माझं पोट बरं नाही.” धडधडीत खोटं. सकाळी चार भाकऱ्या हाणून आलो होतो. साहेबांनी झाडलोट करणाऱ्या गड्याला खूण केली, बाहेर लिंबाच्या बुंध्याशी ओतून ये.

तेवढ्यात दुरगव्वा उभी राहिली. “ओतू नगासा, साहेब,” ती म्हणाली. “माझंच उष्टं हाय. मीच पिते.”

त्या वेळी त्या देवळातला एक तरी माणूस जमिनीत गडप व्हायला हवा होता. कुणीही झाला नाही. काही जणांना तर हायसं वाटलं, मलाही वाटलं.

“तू बस गं,” आक्का म्हणाल्या. त्या टेबलापर्यंत चालत गेल्या. त्यांनी पेला उचलला. साऱ्या गावाच्या ओठांतून फिरून आलेला पेला, आणि सख्ख्या बहिणीच्या तांब्याला तोंड न लावणारी बाई! त्यांनी डोळे मिटले आणि सगळा रस तोंडात घेतला. घशाशी उमासा आलेला आम्हाला दिसला. त्यांनी पदर तोंडावर दाबून धरला, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी तो गिळला. पेला पालथा घातला आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “मला बी आली किळस. तुमच्या समद्यांची आली. गिळली बघा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांच्या उंबऱ्यावर पांढरं लुगडं घडी घालून ठेवलेलं होतं. दुरगव्वा आपलं जुनं शहापुरी लुगडं नेसून निघून गेली होती. आक्कांनी तिला चिकोडीच्या बाजारात शोधलं, संकेश्वरात शोधलं. सौंदत्तीकडच्या जोगत्यांना विचारलं, तर ते म्हणाले, “तुमचं पाणी घेतलेली आमची कशी व्हईल?” त्यांनीही तिला परत घेतलं नव्हतं. आम्ही तिला कुठलीच ठेवली नव्हती. पाळकसाहेबांची पुढं मोठ्या गावी बदली झाली. निरोपाच्या सभेत त्यांच्या करुणेवर भाषण झालं, आणि ते मीच केलं.

आक्का माझ्याशी बोलायच्या, पण कामापुरतं. देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी मी भेटायला गेलो, तर त्यांनी पाणी मागितलं. त्यांचाच तांब्या भरून दिला. त्या अर्धं पाणी प्याल्या आणि तांब्या माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, “प्या.” तोंडाला आजाराचा उग्र वास येत होता, तांब्याच्या काठाला लाळ लागलेली होती. तरी मी तांब्या उचलून सगळं पाणी घटाघटा प्यालो. खरं सांगायचं तर, आता सगळं फिटलं असं वाटून मी त्यांच्याकडे शाबासकीच्या आशेनं पाहिलं.

“माझं कोन बी पील, मास्तर,” त्या म्हणाल्या. “तिचं प्यायचं हुतं तुमी.”

मग माझ्याकडे बघत, अगदी हळू म्हणाल्या, “शी.”

आणि माझा हात ओढून आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.