मनोहरच्या अकरा वह्या

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळमन्याच्या बाजारातून आणलेली संत्री निवडत बसलो होतो. निम्मी त्याच्यासाठीच होती. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे आमचं रामटेक... बारा वर्षांचा नेम.

एकाच शाळेतून निवृत्त झालो आम्ही. तो जीवशास्त्राचा, मी मराठीचा. गडाच्या पायऱ्यांवर बसून तो वानरं बघायचा आणि वहीत काड्या, टिंबं, अर्धगोल काढायचा. खुणांची ती लिपी त्याची स्वतःची. लिहीत बसलं की वानर निसटतं, म्हणे. पुस्तक दोघांनी करायचं ठरलं होतं; डोळे त्याचे, भाषा माझी. विषय एकच, माणसानं शहरं उभारली आणि त्याचे चुलतभाऊ रानातच का राहिले? पायऱ्यांजवळचा नळ एक म्हातारी वानरीण हातानं फिरवायची, पाणी प्यायची, नळ परत बंद करून चालती व्हायची. पिल्लू तिथंच थेंब चाटत बसायचं.

"पाह्य गा," मनोहर म्हणायचा, "हिले येते सारं, पण थांबून पोराले दाखवत नाही. चिंपांझीचं बी जवळपास असंच. मेली का अक्कल तिच्यासंगं गेली. आपण दाखवतो, म्हणून इथवर आलो."

"अन् तुझ्या या काड्या मले कधी दाखवतं?"

"शिकवतो ना गा! घाई काय हाय?"

तेरवीनंतर नंदनवनला त्याच्या घरी गेलो. शालूवहिनींनी अकरा वह्या पुढ्यात ठेवल्या. म्हणाल्या, "भाऊजी, त्यायले आपल्या दुखण्याचं आठ महिन्यांपासून माहीत होतं. कोणाले सांगू नको म्हणत."

आठ महिने! दर रविवारी हा माणूस माझ्या शेजारी बसून माझीच संत्री सोलून खात होता आणि चकार शब्द नाही. खोकला कसला विचारलं, तर म्हणे धूळ हाय. खुणांचा अर्थ कुठंतरी लिहिला असेल म्हणून आम्ही दोघांनी कपाटं उपसली. कुठंच नाही. दगा दिलास, मन्या. दुसरा शब्द मला सापडत नाही, शोधायचाही नाही. लोक समजूत घालतात, त्याला कोणाला दुःख द्यायचं नव्हतं. अरे, मग बारा वर्षं मी तिथं कोण म्हणून बसलो होतो?

वह्या आता माझ्या टेबलावर आहेत. रविवारी संत्रं सोलतो, एक वही उघडतो. अर्धगोल म्हणजे नळ असावा, एवढं माझं मला उमगलंय. तो पानोपानी आहे. त्यापुढच्या काड्या, टिंबं... काही कळत नाही. मी त्या पिल्लासारखा तिथंच बसून राहतो.