अनंता आणि निसटलेला महासीर

"काका, बाबा नहीं रहे." महिन्यापूर्वी एका सकाळी मीराचा फोन आला. अनंताची ही लेक चंदीगडातच जन्मली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. फोन खाली ठेवला आणि पहिला विचार आला तो स्वतःचाच... आता मराठीत बोलायचं कुणाशी? बायको गेल्यापासून या शहरात माझं मराठी अनंतापुरतंच उरलं होतं. आणि त्यालाही मी गेली तीन वर्षं टाळत होतो.

आम्ही दोघं सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होतो. अनंता भिंगं घासायचा. माणूस कमालीचा काटेकोर, साधी मेथी निवडायची तरी आधी चष्मा पुसणारा. निवृत्तीनंतर त्याला मासे धरायचा नाद लागला, तोही खाण्यासाठी नव्हे. महासीर पकडायचा, डोळे भरून पाहायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. "मग पकडायचा कशाला?" मी चिडवायचो. "एकदा चल, मग सांग," तो म्हणायचा.

तीन वर्षांपूर्वी एकदा गेलोच. पहाटे निघून हिमाचलातली गिरी नदी गाठली. हिंग-हळद घालून मळलेल्या कणकेचा गोळा गळाला लावून अनंता खडकावर बसला आणि मला जाळी देऊन गुडघाभर पाण्यात उभं केलं. ताकीद एकच दिली. "काही झालं तरी दोरीला हात लावू नकोस. हा मासा ताकदीचा असतो, त्याला धावू द्यावं लागतं." दुपारी काठी वाकली, रीळ करकरत सुटलं. मासा धावायचा, दमायचा, पुन्हा धावायचा. सत्तरीला टेकलेला अनंता घामाने निथळत होता आणि हसत होता. इतक्या आनंदात मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. अखेर मासा माझ्याजवळ आला. सोनेरी खवले, हाताएवढा लांब... आणि एकदम उसळून तो माझ्या पायांत शिरला. मी घाबरलो, दोरी मुठीत घट्ट धरली. एक हिसका बसला आणि दोरी तुटली.

अनंताला माझी फक्त पाठ दिसत होती. त्याने दोरी गुंडाळून टोक निरखलं. "गाठीशीच तुटली रे. माझीच गाठ कच्ची राहिली." तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तळहातावरचा लाल वळ लपवायला हात खिशात घातला. परतीच्या वाटेवर तो ते तुटकं टोक बोटांत फिरवत राहिला. पुढे कितीतरी रविवारी त्याचा फोन यायचा आणि मी गुडघा दुखतो म्हणायचो. खरं सांगायचं तर त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटायची. मग फोनही कमी होत गेले.

परवा मीराने सामान आवरायला बोलावलं म्हणून गेलो. बाल्कनीच्या ग्रिलला वरपासून खालपर्यंत नायलॉनच्या दोरीच्या गाठीच गाठी.

"रोज़ चाय के बाद यहीं बैठकर बाँधते थे," मीरा म्हणाली. "आपकी बात करके कहते थे, इतनी दूर ले गया उसे, और मेरी एक गाँठ ने सब बिगाड़ दिया. इसीलिए अब वो आता नहीं."

मी एक गाठ जोर लावून ओढली. मग दुसरी, मग तिसरी... एकही कच्ची नव्हती.