पांढऱ्या उंदरांची फेरमोजणी

मागच्या उन्हाळ्यात तुमचा फोन आला की मी "आत्ता नको, मोजते आहे" म्हणून ठेवून द्यायची, त्याचा खुलासा आज करते. मी उंदरांची पावलं मोजत होते.

माझ्या धाकट्या बहिणीची नात तेव्हा आमच्याकडे रुआबांध्याला राहायची. दुर्गच्या पुढच्या एका कॉलेजात ती औषधशास्त्र शिकत होती. मॉर्फीन दिल्यावर पांढरे उंदीर कसे वागतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. मॉर्फीन म्हणजे अफूपासून काढलेलं, दुखणं थांबवणारं औषध. अर्ध्या उंदरांना ते टोचायचं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. मग एकेकाला तळाशी चौकटी आखलेल्या खोक्यात सोडून वरून व्हिडिओ काढायचा आणि त्याने किती रेषा ओलांडल्या ते मोजायचं.

"आजी, तू मोजून दे मले," ती म्हणाली. "कोणाले काय दिलं, ते मोजणाऱ्याले माहीत नसलं पाहिजे. मले तर सगळंच माहीत आहे."

"कावून, मैत्रिणी नाहीत का तुझ्या?"

"त्या रील बघत बघत मोजतील. तू तीस वर्षं पेपर तपासले."

एवढी स्तुती मला पुरली. नियम एकच होता. चारही पाय रेषेपलीकडे गेले, तरच एक धरायचा. दुपारची जेवणं आटोपली की मी कूलर लावून, टॅबलेट डब्याला टेकवून बसायची. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.

तुमचे आजोबा मागून डोकावायचे. "उंदराचे पेपर तपासून राहिली का? नापास झाला का कोणी?"

"कॉपी करणारा अजून सापडला नाही," मी म्हणायची.

खरं सांगते, मला मजा येत होती. काही उंदीर खोक्याच्या भिंतीला धरून गोल गोल पळत, मरोद्याच्या मैदानावर सकाळी रिटायर्ड मंडळी फेऱ्या मारतात तसे. फरक एवढाच की यांची शेपटी काडीसारखी ताठ होऊन पाठीवर वळलेली असे. दुसरे काही कोपरे हुंगत, पुढच्या दोन्ही पायांनी तोंड धूत आणि जरा वेळाने गोळा होऊन पेंगत.

अंदाज बांधायचा नाही, हे तिने बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी मी तो बांधला. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावी भाताच्या रोवणीच्या दिवसांत बाया तान्ह्या लेकराला अफूचा कण चाटवायच्या आणि लेकरू संध्याकाळपर्यंत शेताच्या धुऱ्यावर झोपून राहायचं, हे मी माझ्या आजीकडून ऐकलं होतं. तेव्हा पेंगतात ते अफूवाले आणि पळतात ते धडधाकट, मिठाच्या पाण्याचे. पुढे माझी पेन्सिल आपोआप चालली. पेंगणाऱ्याने दोनच पाय पलीकडे टाकले की "गुंगीत आहे बिचारा, राहू दे." पळणाऱ्याने रेषेला नुसता पाय लावला तरी "हुशार आहे, धर." वर्गातल्या चुणचुणीत मुलाला मी अर्धा मार्क असाच द्यायची.

पंधरा दिवसांनी ती संध्याकाळी पेढे घेऊन आली. आजोबा कोहक्याला भावाकडे गेले होते.

"एकदम मस्त आलं, आजी. सर खूश आहेत. मॉर्फीनवाले नुसते पळत सुटले."

"कोणते? ताठ शेपटीवाले?"

"हो ना. माणसाले गुंगी येते, हा उंदीर पळतो. शेपटी तशी होणं हीच तर खूण."

मी पेढा परत ठेवला. अंदाज साफ उलटा निघाला होता, पण मी केलेली मेहेरबानी नेमकी तिला हव्या त्याच बाजूला पडली होती. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. सोमवारी ते आकडे प्रबंधात जाणार होते, तिच्या नावाखाली.

मी सगळं सांगितलं. तिने कागद पुढे ओढले.

"किती ठिकाणी असं केलं?"

"ते आठवत असतं तर खोडून दिलं असतं."

"म्हणजे माझा निकाल खोटा."

"फुगलेला आहे. मी पुन्हा मोजते."

"तू कशी मोजशील? तुले आता शेपटी ओळखू येते."

तिने सरांना फोन केला. ते रागावले, मग म्हणाले की काहीच माहीत नसलेल्या माणसाकडून सगळं पुन्हा मोजून घे आणि पहिली मोजणी का टाकून दिली तेही प्रबंधात लिही. असा माणूस तेवढ्यात फाटक उघडून आत आला. आम्ही दोघींनी कागद झाकले आणि आजोबांच्या हातावर पेढा ठेवला.

"कशाचा?"

"उद्यापासून तुम्हाले काम आहे, त्याचा," ती म्हणाली.

आजोबांनी रोलिंग मिलमध्ये जन्मभर पोलादाच्या प्लेटा तपासलेल्या. त्यांच्या हाताखालून अर्धं पाऊल सुटणं शक्य नव्हतं. मला तर त्यांनी खोलीतसुद्धा येऊ दिलं नाही. चहा मी दारातून द्यायची.

आठ दिवसांनी तिने आकडे जुळवले. पळणाऱ्यांचे उतरले होते, पेंगणाऱ्यांचे थोडे चढले होते. दोघांतलं अंतर कमी झालं, पण मोडलं नाही. मॉर्फीनवाले खरोखरच जास्त पळाले होते. ती खुर्चीत मागे टेकली आणि पहिल्यांदा हसली. पेढे मात्र या वेळी आणले नाहीत.

मग आम्ही आजोबांना सांगितलं, की कोणाला काय दिलं होतं.

"असं होय," ते म्हणाले. "मले वाटलं, पळणाऱ्याईले चहा पाजला."