कावळ्याला दिलेला शब्द

गोव्याच्या हद्दीवरच्या आरोंदा गावात सावित्रीच्या अंगणात कावळा टिकत नाही. एखादा येऊन बसलाच, तर ती हातातले काम टाकून दगड उचलते आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. "म्हातारी फिरली," असे म्हणून लोक मोकळे होतात. लोकांचे काय जाते? ती फिरलेली नाही. तिचा त्या पाखरावर राग आहे आणि तो राग खरा आहे.

तिचा नवरा महादू म्हणजे मोडेल पण वाकणार नाही, असा माणूस. त्यांचा एकुलता एक मुलगा सर्वेश गोव्यात हॉटेलाच्या कामाला जातो म्हणाला, तेव्हा महादूने भरल्या ताटावर सांगितले, "जा! पण मगे माझ्या मड्याकय येव नको." लेक त्याच खोडाचा. गेला तो गेलाच. पुढे महादू छातीत कळ येऊन अचानक वारला. सर्वेश खाडीच्या पलीकडे, तास-दीड तासाच्या वाटेवर होता, तरी आला नाही. पुतण्या बाळाने अग्नी दिला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भावकीने शेत सांभाळण्याची कबुली दिली, म्हशीची दिली, माडांची दिली. कावळे माडावर बसून नुसते बघत राहिले. शेवटी सावित्री पुढे झाली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "वर्षश्राद्धाक सर्वेशाक घराक आणतंय. तेच्या हातचे शिरवाळे तुमच्या पानार वाढतंय. आता तरी जेवा." शब्द तोंडातून पडले मात्र, कावळा पिंडावर उतरला.

शिरवाळे महादूचा जीव की प्राण. तांदळाच्या उकडीचे गरम गोळे लाकडी साच्यात घालून शेवया पाडायच्या आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. पण ते एकट्याचे काम नव्हे. एकाने गोळा भरायचा, दुसऱ्याने दांड्यावर भार टाकायचा. या घरात गोळा भरायची सावित्री आणि दांड्यावर लोंबकळायचा सर्वेश. तो गेला तसा साचा माळ्यावर गेला.

वर्षश्राद्ध चार दिवसांवर आले. सर्वेश फोनवर नीट बोलेना, तेव्हा ती बाळाच्या रिक्षात बसून थेट गोव्यात गेली. बाळा रिक्षा लावायला गेला आणि ती एकटीच आत शिरली.

तिला वाटले होते हॉटेल म्हणजे चार टेबले आणि एक गल्ला. हा तर अख्खा बाजार, छपराखाली, थंडगार हवेत. इटलीच्या खाण्याचा, असे दारावरच्या माणसाने सांगितले. एकीकडे जात्याच्या तळीएवढी चीजची चाके रचलेली, दुसरीकडे डुकराचे तंगडे टांगलेले. तिने पदर नाकाला लावला. भट्टीतून भाकरीसारखे काहीतरी फुगून निघत होते, कॉफीचे यंत्र फुसकारत होते, माणसे हातात ताटे घेऊन जागा शोधत होती, नाही मिळाली तर उभ्यानेच खात होती. जत्रेत असते तेवढी गर्दी, पण जत्रेत कोणीतरी ओळखीचे भेटते. इथे कोणी कोणाकडे बघत नव्हते. चुकलेल्या वासरासारखी ती गल्ल्यागल्ल्यांतून फिरली.

आणि मग काचेपलीकडे सर्वेश दिसला. डोक्यावर पांढरी टोपी, पुढ्यात लखलखीत यंत्र. त्याने पीठ वर ओतले, बटण दाबले आणि खालून शेवया उतरू लागल्या. लांबच लांब, न तुटता. पोरेबाळे काचेला नाक लावून बघत होती, कोणी फोटो काढत होते. "माझो झील," ती शेजारच्या बाईला म्हणाली. ती बाई हसली. तिला कळले नसावे. सावित्रीचा ऊर आधी भरून आला आणि लगेच खचला. त्या यंत्राला दांडा नव्हता. गोळा भरायला दुसरे माणूस लागत नव्हते.

तिने काचेवर टकटक केले. सर्वेश चपापला आणि धावत बाहेर आला.

"आये! कोणावांगडा इलंस, एकटीच? जेवलंस?"

त्याने तिला एका उंच स्टुलावर बसवले आणि शेवयांची बशी पुढे ठेवली. तिचे पाय जमिनीला टेकेनात. बशीला तिने हात लावला नाही.

"तुका न्हेवक इलंय. आयतवारी बाबांचा वर्षश्राद्ध. मी कावळ्याक शब्द दिलेलो आसा."

"बाबांनी काय सांगितल्यानी, इसारलंस?"

"रागान बोलले रे ते. माणूस रागान काय बोलना नाय?"

"राग गेल्यार फोन करूक येय होतो तेंका. केल्यानी?" सर्वेशचा आवाज चढला, मग उतरला. "तेंचो शेवटचो शब्द तो. मी मोडूचंय नाय."

सुंभ जळाला, पण पीळ लेकात उतरला होता. सावित्री रडली, हात जोडले, त्या गर्दीत त्याच्या पाया पडायला वाकली. त्याने तिला वरच्यावर धरले. मग आत जाऊन वाळवलेल्या शेवयांचे एक पाकीट घेऊन आला.

"हे घेवन जा. माझ्याच हातचे. गव्हाचो रवो नि पाणी, अंडा नाय. शब्द खोटो पडूचो नाय तुझो."

"आणि कावळो शिवलो नाय तर?"

सर्वेशने मागे वळून बघितले. काचेआड यंत्राजवळ कोणीतरी त्याला हाका मारत होते.

"नाय शिवलो तर फोन कर," तो म्हणाला. "आसंय तसो येतंय."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, सावित्रीला एवढ्या बोलण्याचा आधार झाला. रिक्षात ती पाकीट मांडीवर घट्ट धरून बसली आणि वाटभर मेलेल्या नवऱ्याशी मनातल्या मनात बोलत राहिली. "जल्मभर हट केलात. आता आयतवारी एकदाच करा. माझ्यासाठी करा. शिवा नको."

रविवारी तिने त्या शेवया उकडल्या, रस काढला, केळीच्या पानावर वाडी, म्हणजे पितरांचा नैवेद्य, वाढली आणि पान परसात ठेवले. भावकी हात जोडून उभी राहिली. तिने पदराखाली फोन धरला होता. ती हात मागे घेते न घेते, तोच फणसावरून कावळा झेपावला. त्याने एक लांब शेवई चोचीत धरली.

"हाड! हाड मेल्या!" सावित्री ओरडत धावली. तिने पायातली चप्पल फेकली. कावळा हटला, पण दुसरे चार उतरले. पान फाटेपर्यंत त्यांनी खाल्ले.

बाळाने तिला मागे ओढले. "काकी, काय करतंस! शिवलो मा! काका सुटलो!" सगळ्यांचे चेहरे उजळले होते. आयुष्यभर कोणाचे न ऐकणारा महादू त्या एका दिवशी, नको तेव्हा शहाणा झाला होता.

तेवढ्यात फोन वाजला.

"आये, शिवलो?"

एक खोटे बोलली असती तर? पण समोर नवऱ्याचे पान होते. त्या पानासमोर तिची जीभ वळली नाही.

"शिवलो," ती म्हणाली. मग तिला फोनमध्ये वाऱ्याचा आणि गाड्यांचा आवाज ऐकू आला. "खंय आसस रे तू?"

"किरणपाणीच्या पुलार."

पूल म्हणजे खाडी ओलांडली की घर.

"ये रे मगे! ये माझ्या पुता!"

"नाय आये. माझी वाट बघूक नाय तेंनी. जेवले ते. तेंका मी नकोच होतंय."

फोन बंद झाला. तिने परत लावला, त्याने उचलला नाही. बाळा रिक्षा घेऊन पुलावर जाऊन आला. तिथे कोणी नव्हते.

आता सर्वेश फोनही करत नाही. बाळाची बायको कधीमधी सावित्रीला समजावते, "काकी, पाखराचो काय दोष?" सावित्री ऐकून घेते आणि दुसरा दगड उचलते.