झोन बदलला आणि बायको दारव्ह्याला गेली

विद्यापीठाने आमच्या गावचं कॉलेज फुटबॉलच्या एका झोनमधून काढून दुसऱ्या झोनमध्ये टाकलं, आणि त्यामुळे माझी बायको माहेरी निघून गेली.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं यवतमाळ जिल्ह्याबाहेरचा माणूस विचारेल. जिल्ह्यातला विचारणार नाही. दिग्रस आणि दारव्हा ही दोन गावं एसटीने तासाभराच्या अंतरावर आहेत आणि दरवर्षी दोन्ही कॉलेजांची फुटबॉलची मॅच व्हायची. खेळायला पोरं बावीस, पण भांडायला दोन्ही गावं! आमचे बाबा, म्हणजे तहसील कचेरीतून रिटायर झालेले नाझर, एरवी मुंगीलासुद्धा वाट देणारे. पण मॅचच्या दिवशी दारव्ह्याच्या पोरांना त्यांच्या आजोबांची नावं घेऊन शिव्या घालायचे. एका वर्षी दारव्ह्याच्या मैदानावर त्यांनी शेजारच्या एका गृहस्थाची कॉलर धरली. मॅच संपेपर्यंत दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या, आणि त्या काढता काढता एकाच्या पिढीत लग्नाचा मुलगा आणि दुसऱ्याच्या पिढीत लग्नाची मुलगी आहे, असं निघालं. तो मुलगा मी. ती मुलगी सुनीता. आणि कॉलरवाले गृहस्थ म्हणजे माझे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणतो.

लग्नातच दोन्ही व्याह्यांनी ठरवून टाकलं, की ज्याचं गाव हरेल त्याने जिंकणाऱ्या व्याह्याला रोडग्यांचं जेवण द्यायचं. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वर तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. खाणाऱ्याने मिशीवर ताव देत खायचं आणि वाढणाऱ्याने मान खाली घालून वाढायचं. नियम एवढाच. हरलेला माणूस वर्षभर पुढच्या मॅचची वाट बघत बसायचा. या व्यवस्थेत आमचा संसार सुखाने चालला होता.

मग विद्यापीठाला अक्कल सुचली. प्रवासाचा खर्च वाचवण्यासाठी झोन नव्याने पाडले, आणि दिग्रसच्या कॉलेजला एकदम बुलढाण्याकडच्या कॉलेजांबरोबर बसवलं. (खर्च वाचला म्हणे. कोणाचा, ते विचारू नका.) दारव्हा जुन्याच झोनमध्ये राहिलं. म्हणजे दिग्रस-दारव्हा मॅच बंद!

बातमी आली तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. आदल्या वर्षी दिग्रस जिंकलेलं होतं. बाबांनी पेपर खाली ठेवला, पोळीचा तुकडा मोडला आणि व्याह्यांच्या नावाने अत्यंत समाधानाने म्हणाले, "म्हंजे आता इवाई जलमभर हारलेलेच!"

सुनीताने आमटीचा पळा पातेल्यात ठेवला.

"काय म्हनलं तुमच्या बाबांनी?" तिने मला विचारलं. बाबा समोरच बसले होते, पण रागात ती त्यांच्याशी माझ्यामार्फत बोलायची.

"काही नाही," मी म्हणालो.

"माह्या बाबाइले बदला घ्यायचा मोकाच नाई देनार काय कोनी? मंग आयका, मीबी सांगून राह्यली. जोवर दारव्हा परत तुमच्यासंगं खेळत नाई, तोवर मी या घरात पाय ठेवत नाई!"

मला वाटलं, रागाच्या भरात बोलली. सकाळच्या एसटीने गेलीसुद्धा.

ती कापसाच्या मंदीची वर्षं होती. भाव असा पडला होता की व्यापारी गादीवर बसून नुसते पान खात होते. जिनिंगचे पट्टे थांबलेले, मार्केट ओस. गावात बोलण्यासारखी एकच चांगली गोष्ट उरली होती, ती म्हणजे दारव्ह्याला नावं ठेवणं. तीही आता गेली. आणि माझं तर घरच खायला उठलं. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे स्वयंपाकघरात मी आणि बाबा. मी खिचडी करायचो आणि बाबा तिच्याकडे दुःखाने बघायचे. खरं सांगतो, मला सुनीतावाचून करमत नव्हतं. तिच्या रागावण्यावाचूनसुद्धा करमत नव्हतं.

बाबांनी आपल्या परीने नवीन वैरी शोधायचा प्रयत्न केला. नव्या झोनमधली पहिली मॅच आमच्याच मैदानावर होती. बुलढाण्याकडची पोरं उतरली. बाबा घसा साफ करून पुढच्या रांगेत बसले, आणि पूर्ण मॅच गप्प बसून राहिले.

"काहून जी, बोलले नाही काहीच?" मी घरी येताना विचारलं.

"अरे, दारव्ह्याचा पोट्टा दिसला का मले त्याचा आजा दिसते. याइच्या आज्याचं नाव मले काय मालूम? बिनओळखीच्या माणसाले शिवी देनं बरं दिसते काय?" बाबा उदास होऊन म्हणाले. "अन् त्याइचे मास्तर तं मले चहा पाजून गेले बाप्पा!"

चहा पाजणाऱ्यांशी वैर धरायचं तरी कसं? शेवटी मी दारव्हा गाठलं. मामाजी पाटबंधारे खात्यातले रिटायर्ड हेडक्लार्क, अंगणात खुर्ची टाकून बसले होते. सुनीता आतल्या दारात उभी राहिली, पण बाहेर आली नाही.

"मामाजी, आपण आपली एक मैत्रीची मॅच घेऊ," मी म्हणालो.

"दोस्तीची?" मामाजी खुर्चीतच ताठ झाले. "जवाईबापू, दोस्तीत कोनी जिंकते काय? खेळाची तं दुश्मनीनं खेळा. पंच पाहिजे, शिटी पाहिजे, अन् रोडगे पाहिजे!"

"तिन्ही देतो," मी म्हणालो. आतून सुनीताचा आवाज आला, "अन् दोन्ही गावचे लोक पायजे! नाईतं म्हनतीन, घरातल्या घरात खेळले."

कॉलेजचं मैदान मिळेना, म्हणून मी जिनिंगवाल्या शेठना भेटलो. आवार रिकामंच पडलं होतं. एरवी त्या दिवसांत तिथे कापसाचे डोंगर असतात, त्या वर्षी कोपऱ्यात थोडी सरकी आणि मधे एक झोपलेली गाय. शेठ म्हणाले, "खेळो भाई खेळो, कुछ तो चलने दो इस आवार में." चार बांबू रोवून दोन गोल झाले. गाईला उठवून बाहेर काढलं. पंच म्हणून शाळेचे जुने पीटी मास्तर शिटीसकट हजर झाले. दारव्ह्याहून लोक दोन टेम्पो भरून आले, आणि पहिल्या टेम्पोत पुढे मामाजी व सुनीता! माझ्याकडे न बघता ती थेट सावलीत जाऊन बसली.

आणि तेव्हाच लक्षात आलं, की आमच्या कॉलेजची टीम त्याच दिवशी नव्या झोनच्या मॅचसाठी बुलढाण्याकडे गेलेली आहे! उरले माजी विद्यार्थी. मोजून दहा झाले, पण गोलकीपर नाही.

"तू उभा राह्य," बाबा मला म्हणाले.

"बाबा, मी कधी बॉल पकडलाय का?"

"पकडाले कोनं सांगितलं? अरे, तू दारव्ह्याचा जवाई आहे. आपल्या गावच्या जवायाच्या अंगावर ते पोट्टे बॉल मारतीन काय?" बाबांनी डोळा मारला. तहसील कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाचं डोकं, ते काय साधं असतं!

आणि बाबांचं गणित बरोबर निघालं. दारव्ह्याचा पहिला पोरगा बॉल घेऊन गोलपाशी आला, मला पाहिलं आणि थबकला. "राम राम भाऊजी," म्हणाला. मी नमस्कार केला. तेवढ्यात आमच्या माणसाने बॉल काढून घेतला. दुसरा आला. तो म्हणाला, "भाऊजी, जरा बाजूले होता काय? मारतो म्हनतो." तिसऱ्याने पाय उचलला होता, पण चेंडू जवायाला लागेल या भीतीने तो आभाळात मारला. सावलीतून मामाजी बोंबलत होते, "अरे मारा बे! जवाई गेला चुलीत! मारा!" त्यावर दारव्ह्याचा एक म्हातारा त्यांनाच रागावला, "बापू, जवायाले असं बोलत असते काय?"

हाफटाइमला शून्य-शून्य. मामाजींनी पोरांना गोळा करून काहीतरी सांगितलं. (नंतर कळलं, ते म्हणाले होते की आजच्यापुरता हा आपला जवाई नाही, असं समजा.) दुसऱ्या भागात पोरांची नजर बदललेली होती. मलाही मनातून वाटत होतं, की दारव्हा जिंकलं तर बरं, मामाजींचा बदला पुरा होईल आणि सुनीता घरी येईल. बॉल मुद्दाम सोडावा असा विचार माझ्या मनात आला नाही, असं मी म्हणणार नाही. पण सोडायला आधी बॉल दिसावा लागतो! शेवटच्या मिनिटांत धूळ उडाली, कोणीतरी "भाऊजी, माफ करा" म्हणाला, मी दोन्ही हात पसरून जिवाच्या आकांताने उडी मारली, सरकीवरून घसरलो, आणि उठून बघतो तर बॉल माझ्या मागे.

दारव्हा जिंकलं! मामाजी नाचायला लागले. टोपी उडवली. आणि इकडून बाबांची आरोळी आली.

"इकली! यानं मॅच इकली! बायकोपायी बापाले इकलं!"

मामाजींचा पाय हवेतच थांबला. ते सावकाश माझ्याकडे आले.

"जवाईबापू, तुमी मुद्दाम सोडला?"

"नाही हो मामाजी! मला दिसलाच नाही!"

"म्हंजे आमाले खैरातीत जिंकवलं? मले नाई पायजे असली जिंक!" मामाजींनी टोपी परत डोक्यावर घातली. "चाला रे, टेम्पोत बसा!"

सुनीताही उठून आली. डोळ्यांत पाणी. "माह्या बाबाइच्या झोळीत भीक टाकली तुमी! लोकाइसमोर!"

आता बघा. मी एक मॅच घडवून आणली होती, आणि तिच्यामुळे बाप म्हणत होता तू गद्दार, सासरा म्हणत होता तू दानशूर, आणि बायको परत टेम्पोकडे निघाली होती. मी जीव तोडून ओरडलो, "अरे, खरंच मला नाही जमला! पाहिजे तर पुन्हा मारून बघा!"

"आताबी मुद्दाम सोडसान तुमी," मामाजी म्हणाले.

तेव्हा सुनीता थांबली. तिने पदर खोचला आणि पूर्ण आवाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "एक! एकच बॉल अडवून दाखवा. अडवला तं मी याच पावली घरी येते. आता सोडा बरं मुद्दाम!"

दोन्ही गावं गोलामागे गोळा झाली. मी हातांना माती चोळली. कमरेला उपरणं बांधलं. आयुष्यात कोणत्याही परीक्षेला मी इतक्या तयारीने बसलो नव्हतो. पहिला बॉल आला, मी डावीकडे गेलो, बॉल उजवीकडून गेला. दुसऱ्याला मी उजवीकडे गेलो. बॉल मधून गेला. तिसऱ्याला मी मधेच उभा राहिलो, तो पायांतून गेला. दारव्ह्याच्या पोरांना माझी दया आली. ते हळू मारायला लागले. हळू मारलेले जास्त सहज जाऊ लागले! आमची दिग्रसची पोरं म्हणाली आम्ही मारतो, आपला माणूस आहे. त्यांचेही गेले. "डावा हात, भाऊजी, डावा हात!" असं मारणारेच मला सांगत होते. पीटी मास्तरांनी शिटी खिशात ठेवली. मामाजींनी स्वतः धोतर सावरून एक मारला. तो वाटेत एकदा थांबल्यासारखा झाला, पण गेला. बाबांनी उपरण्याने तोंड झाकून घेतलं होतं.

शेवटी सुनीता पुढे आली. तिने चप्पल काढली, बॉल अगदी माझ्याजवळ आणून ठेवला आणि पायाच्या अंगठ्याने माझ्याकडे ढकलला. नुसता ढकलला. तान्ह्या पोरापुढे सरकवावा तसा. मी वाकलो. दोन्ही हात लावले. आणि तो माझ्या कोपराला लागून मागे गेला.

बाहेर काढलेली गाय तेवढी हंबरली.

"इवाई," बाबा उपरणं बाजूला करून जड आवाजात म्हणाले, "जिंकले तुमी. अस्सल जिंकले."

"हाव," मामाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात विजयाचा आनंद होता आणि मुलीची काळजीही होती.

सुनीताने टेम्पोतून पिशवी काढली. "बाबा, मी जाते याइच्यासंगं."

"अवं, पन एक तरी अडवला काय त्याइनं?" मामाजींनी विचारलं.

"म्हनूनच तं जाते," ती म्हणाली. "याइले एकटं सोडनं काही खरं नाई."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. (ती मात्र पडू दिली नाही. जीव गेला असता तरी दिली नसती.)

संध्याकाळी आमच्या अंगणात गोवऱ्यांचा विस्तव पेटला. बाबा मान खाली घालून वाढत होते आणि मामाजी मिशीवर ताव देत खात होते. दोघांच्याही तोंडावर असं तेज कित्येक दिवसांत दिसलं नव्हतं. रोडगा तुपात बुडवता बुडवता मामाजींनी हळूच विचारलं, "इवाई, खरं सांगा. पोट्ट्याचं हे असं तुमाले पयलेच मालूम होतं काय?"

"मालूम होतं म्हनून तं लगन एवढ्या घाईनं उरकलं!" बाबा म्हणाले, आणि दोन्ही व्याही ठसका लागेपर्यंत हसले.

विद्यापीठाचे झोन त्यानंतरही बदलले असतील, आम्ही लक्ष देणं सोडलं. जिनिंगच्या आवारात आमची मॅच दरवर्षी होते, आणि गोलकीपर म्हणून मला दोन्ही गावांचं आग्रहाचं बोलावणं असतं. दिग्रसवाले म्हणतात, तुम्ही दारव्ह्याचे जवाई, तिकडून उभे राहा. दारव्हेवाले म्हणतात, छे छे, तुम्ही जन्माने दिग्रसचे!