चढताना नऊ, उतरताना अकरा

चार माणसं रोज पाऊण तास एकाच जीपमध्ये बसून घाट चढायला लागली, की किस्से आपोआप साचतात. पावसाळ्यात तर फारच. काचा बंद आणि तोंडं चालू!

आमची शाळा हिंगणीच्या पुढे, जंगलातला घाट चढून वर. अप-डाऊन करणारे आम्ही तिघं: हेडमास्तर उगेमुगे सर, मराठीच्या कोहळे मॅडम आणि गणिताची मी. जीप बंडूभाऊंची.

सरांच्या मते घाटात नऊ वळणं. कोहळे मॅडमच्या मते अकरा. एकदा वाद इतका पेटला की दोघं दिवसभर एकमेकांशी बोलले नाहीत. संध्याकाळी आम्ही बंडूभाऊंना विचारलं. त्यांना दोघांनाही दुखवायचं नव्हतं.

"दोघायचंबी बरोबर हाय," ते म्हणाले. "चढताना नऊ, उतरताना अकरा."

* * *

श्रावणात धबधबा पाहायला शहरातली मंडळी येतात. एकानं गाडी आडवी लावून बंडूभाऊंना विचारलं, "इथं सगळ्यात भारी व्ह्यू कुठून दिसतो?"

"मले काय माहीत? बावीस वर्षं झाले, मी रस्त्याशिवाय काही पाह्यलंच नाई!"

* * *

कोहळे मॅडमना वळणं लागायची. लिंबू झालं, आवळासुपारी झाली, गोळ्या झाल्या. दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला पिशवी उघडायचीच.

बंडूभाऊ सहज म्हणाले, "मॅडम, चालवणाऱ्याले कधी ओकारी येत नाई."

मॅडमनी ते मनावर घेतलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ड्रायव्हिंग शिकल्या, लायसन काढलं आणि जूनमध्ये सरळ स्टिअरिंगवर बसल्या. खरंच, एकदाही मळमळलं नाही!

वर पोचल्यावर मागे वळून पाहिलं, तर पिशवी बंडूभाऊंच्या हातात.

* * *

उगेमुगे सर सांगायचे, "मी वाघाले भेत नाई. तोच आपल्याले भेते."

एका सकाळी पाऊस नुकताच थांबला होता आणि वाघ रस्त्याच्या मधोमध बसला होता. बंडूभाऊंनी इंजिन बंद केलं. कोणी हलेना. पाच मिनिटांनी सर कुजबुजले, "बंडू, हॉर्न नको वाजवजो. उगाच काऊन त्याले भेववाचं?"

वाघ अर्ध्या तासानं सावकाश उठून गेला. सर शिस्तीचे. स्वतःच्या उशिराची नोंद त्यांनी हजेरीपुस्तकात स्वतःच केली: 'रस्त्यात वाघ बसून होता.'

पुढच्या महिन्यात साहेब तपासणीला आले. त्यांनी त्याच्याखाली लाल पेनानं लिहिलं: 'वाघाची सही घ्यावी.'

* * *

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मैनाबाई उईके. वय पंचेचाळीस. घरी दहावी पास सून आली आणि मैनाबाईंनी सतरा नंबरचा फॉर्म भरला. "सुनेच्या खाली राहू काय मी?"

मार्चमध्ये सगळे विषय निघाले, गणित राहिलं. मग रोज भांडी घासून झाली की त्या माझ्यासमोर वही घेऊन बसायच्या.

जुलैच्या पुरवणी परीक्षेला केंद्र सेलूला. आम्हाला वर सोडून बंडूभाऊ त्यांना खाली नेणार होते. पण त्या दिवशी घाटात सागाचं झाड आडवं पडलं. आम्ही अलीकडे अडकलो. पलीकडून मैनाबाई पायीच उतरून आल्या होत्या. हॉलतिकीट प्लास्टिकमध्ये, छत्री उलटी झालेली. लुगडं खोचून झाड ओलांडलं आणि जीपमध्ये बसल्या.

गाडी वळवायला जागाच नव्हती. एकीकडे डोंगर, दुसरीकडे दरी. वर धुकं.

"रिव्हर्स घेतो," बंडूभाऊ म्हणाले.

तीन वळणं उलटी उतरायची होती. सर भर पावसात मागे चालत ओरडत होते, "येऊ दे! येऊ दे! थांब!! आता येऊ दे!" कोहळे मॅडमनी डोळे मिटले होते. मी मैनाबाईंचा हात धरून विचारत होते, "शंकूचं घनफळ सांगा. वर्गसमीकरणाचं सूत्र सांगा."

"मॅडम, आता चूप बसा," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या भेवानं मले येते तेबी मी विसरून जाईन."

पेपर सुरू व्हायची घंटा होता होता त्या वर्गात शिरल्या.

निकालाच्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही सगळे त्यांना घेऊन खाली गेलो, कारण घाटात मोबाइलला रेंज एकाच वळणावर येते. पाऊस भुरभुरत होता. सरांनी नंबर टाकला. स्क्रीनवर चाक फिरत राहिलं. मैनाबाई दरीकडे तोंड करून उभ्या.

"गणित..." सर ओरडले. "एक्केचाळीस! पास!"

बंडूभाऊंनी हॉर्न दाबला तो सोडेचनात. कोहळे मॅडमनी मैनाबाईंना मिठी मारली. माझे तर डोळेच भरून आले. इतक्या दिवसांची माझी मेहनत होती ना!

मैनाबाई हळूच माझ्याजवळ आल्या.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा ना."

"अकरावीले गणित सोडता येते न?"