खालून तिसरी ओळ

आमची पोस्ट बर्फात होती. बंकरात घासलेटची बुखारी, म्हणजे शेगडी, दिवसरात्र चालायची. ती कशी वापरायची, याची स्टँडिंग ऑर्डर आली. हवालदाराने रोलकॉलला सगळी वाचली. आधी तेलाचा साठा, मग साफसफाई, मग कोणी कोणाला रिपोर्ट द्यायचा. वाऱ्याने कान बधिर झालेले. झरोखा उघडा ठेवा, हे खालून तिसऱ्या ओळीत होतं. तिथपर्यंत ऐकतो कोण?

नामदेव माझ्याच गावचा, सावली तालुक्यातला. सकाळी सहाला पहारा संपवून आला, झरोख्यात कांबळं कोंबलं अन् एकटाच झोपला.

दुपारी त्याच्या बंकरातून वायरलेसवर कोणी बोलेना. आम्ही दार तोडलं. बुखारी जळतच होती, तिचा विषारी वायू आत कोंडलेला. सेट मी उचलला.

"चार नंबर से. एक जवान बेहोश. ओव्हर."

"साँस?"

"नहीं, साहब."

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी प्रत्येक बुखारीवर लाल रंगाने लिहिलं: झरोखा बंद, तो मौत. मग कोणी बंद केला नाही. एवढंच आधी लिहायला काय झालं होतं?

आता फौज सोडून गावात आलो, तर इथंही तेच. मोहफुलाच्या दिवसांत जंगलाच्या वाटेवर वाघाचा बोर्ड लागला. वर कायद्याची कलमं, खाली बारीक अक्षरं. नामदेवची बायको सुमन रोज त्या बोर्डासमोरून मोहफुलं वेचायला एकटी जायची.

"वहिनी, बोर्ड काऊन वाचला नाई?"

"वाचत बसली तं मोहा बकऱ्या खातीन, भाऊ."

मी फॉरेस्टच्या साहेबांना गाठलं. "वाकलेला माणूस वाघाले जनावर वाटते. हे कुठी लिवलं?"

"आहे ना, भाऊ. खालून तिसरी ओळ."

माझं डोकं फिरलं. "ते वर घ्या. बाकी पुसा."

"सगळी माहिती द्यावीच लागते. नियम आहे."

मी जेमतेम आठवी शिकलो. रंगाचा डबा आणला अन् बोर्डाच्या मागच्या कोऱ्या पत्र्यावर हातभर अक्षरात लिहिलं: एकटे वाकू नका. एक वेचेल, एक उभा राहील.

सरकारी बोर्ड खराब केला म्हणून नोटीस आली. तीन पानी. वाचली नाही.

बोर्ड मी उलटा फिरवून ठोकला. साहेब सरळ करतात, मी परत फिरवतो.

सुमन आता जावेला घेऊन जाते. एक वेचते, एक काठी घेऊन उभी राहते.

नामदेव झोपला, तेव्हा त्याच्याजवळ उभं कोणी नव्हतं.